शेजारपाजारची मांजरं बागेबाहेर कशी ठेवायची: नवीन बाग करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

वाफा खणला, ढेकळं फोडली, बी पेरलं, झारीने हलक्या हाताने पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघताय तर मधोमध खड्डा, बाजूला मातीचा ढीग, बी कुठल्या कुठे गेलेलं आणि वर तो वास. ज्याच्या बागेत हे एकदा झालंय त्याला जास्त सांगायला नको. माझा गाजराचा वाफा असा लागोपाठ तीनदा गेला, आणि गाजराचं बी उगवायलाच दोन आठवडे सहज घेतं, त्यामुळे तिसऱ्या वेळी मला खरंच रडू आलं होतं. त्या काळात मी दिसेल तो उपाय करून बघितला, बरेच वाया गेले, एक-दोन तर मांजराच्या जिवावर बेतले असते (तेही खाली लिहिलंय), आणि जे खरोखर टिकलं ते इथे क्रमाने देतेय. क्रमानेच करा प्लीज, कारण बहुतेक जण सुरुवात शेवटच्या पायऱ्यांपासून करतात, म्हणजे आधी कसलातरी स्प्रे आणतात, चार दिवस मारतात आणि मग "काही उपयोग होत नाही" म्हणून सोडून देतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मांजर तुमचं नुकसान करायला येत नाही, ते तुमच्या मातीसाठी येतं. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या भागातली रानमांजरं, त्यामुळे सुटी, कोरडी, भुसभुशीत माती दिसली की पंज्याने उकरायचं, शी करायची आणि झाकून टाकायची हे त्याच्या रक्तातच आहे. आणि नवीन बाग करणारा माणूस नेमकं काय करतो? तर तशीच माती तयार करून ठेवतो. म्हणून मांजराच्या मागे धावण्यात दिवस घालवू नका, माती बदला. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

पायरी १: नक्की मांजरच आहे ना?

हे आधी बघा, कारण कुत्रा, घूस, उंदीर, पक्षी सगळेच माती उकरतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. संध्याकाळी वाफ्याच्या कडेची हातभर जागा ओली करून हाताने सपाट करा आणि सकाळी ठसे बघा. मांजराचा ठसा गोलसर असतो, साधारण तीन सेंटीमीटरचा, आणि त्यात नखांच्या खुणा नसतात कारण चालताना मांजर नखं आत ओढून घेतं. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके स्पष्ट दिसतात. शी झाकलेली असेल, वर माती ओढून छोटी टेकडी केली असेल तर बहुतेक मांजरच.

तीन-चार दिवस नुसतं बघा, कुठून येतं, कुठल्या वेळी येतं, कुठे बसतं. मांजरं जास्त करून पहाटे आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास फिरतात. आमच्याकडे येणारी करडी मांजरी रोज त्याच एका जागेवरून भिंतीवर चढायची, खाली उतरताना आधी पाण्याच्या टाकीवर पाय ठेवायची आणि मग थेट वाफ्यात, एकदाही दुसरी वाट नाही. हे कळल्यावर अर्धं काम सोपं झालं. वहीत लिहून ठेवा वाटल्यास, मी ठेवलं होतं.

पायरी २: येण्याची कारणं कमी करा

ही पायरी पटकन होते. कचऱ्याचा डबा घट्ट झाकणाचा घ्या, कंपोस्टमध्ये उरलेलं शिजवलेलं अन्न, मांस, मासळी टाकू नका, स्वतःचं कुत्रं-मांजर असेल तर त्याचं भांडं रात्री बाहेर ठेवू नका. कंपोस्टमध्ये उंदीर झाले तर त्यांच्या मागे मांजर येणारच. पक्ष्यांसाठी दाणे किंवा पाणी ठेवत असाल तर ते झुडपांपासून निदान दोन मीटर लांब आणि उंचावर ठेवा, कारण मांजर झुडपात दबा धरून बसतं, आणि मध्ये मोकळी जागा असली की पक्ष्याला ते दिसतं आणि उडायला वेळ मिळतो.

शेडखालची पोकळी, पायऱ्यांमागची फट, रचून ठेवलेल्या फळ्या या मांजरांच्या विश्रांतीच्या जागा. त्या बुजवा, पण बुजवण्याआधी टॉर्च घेऊन आत नीट बघा की पिल्लं नाहीत ना. असतील तर थांबा, ती मोठी होऊन आईमागे फिरायला लागेपर्यंत काही आठवडे कळ काढा. पिल्लं आत आणि आई बाहेर असं झालं तर ती पिल्लं भुकेने मरतात, आणि आई रात्रभर ओरडत बसते.

बागेत कॅटनिप (पुदिन्याच्या कुळातलं एक झाड) किंवा त्याच्या जातीचं काही लावलं असेल तर ते काढा, तो वास मांजरांना ओढून आणतो. आपल्याकडे कुंड्यांमध्ये आपोआप उगवणारं खोकली नावाचं तणही बघा, त्याचं मूळ उघडं पडलं की मांजरं त्यावर अक्षरशः लोळतात. मी एकदा तण उपटून तिथेच टाकलं होतं आणि तासाभरात दोन मांजरं हजर.

पायरी ३: माती झाका (यात कंजूषी नको)

वेळ, मेहनत, पैसा जे काही लावायचं ते इथे लावा.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे तारेची जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची, साधारण अडीच सेंटीमीटर भोक असलेली घ्या. बी पेरून झालं की ती वाफ्यावर सपाट अंथरायची, कडा खाली दुमडायच्या म्हणजे टोचणार नाहीत आणि मांजराला उचलताही येणार नाही, आणि चारही कोपऱ्यांवर तारेच्या यू आकाराच्या खुंट्या किंवा दगड ठेवायचे. रोपं भोकांतून वर येतात, पाणी खाली जातं, आणि मांजराने पंजा मारला की बोटांना तार लागते, माती हलत नाही. दोन-तीनदा असं झालं की ते जागा बदलतं.

पण एक अडचण आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. गाजर, मुळा, बीट अशा पिकांवर जाळी मातीला चिकटून ठेवली तर कंद फुगताना त्याचा गळा भोकात अडकतो आणि मग उपटताना जाळी आणि गाजर दोन्ही हातात येतात. मी तशी पंधरा-वीस गाजरं तारेत कापली गेलेली काढली आहेत, त्या तिन्ही हुकलेल्या पेरण्यांनंतर. कंदवाल्या पिकांना जाळी मातीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर वर, लाकडी चौकटीवर किंवा वाकवलेल्या पाइपांवर ताणून लावा, नाहीतर रोपं बोटभर झाली की लगेच काढून घ्या. मऊ, सैल नायलॉनची जाळी मात्र वापरू नका, तिच्यात पक्षी, साप, सरडे अडकून मरतात. ताठ जाळीच हवी.

जाळी जमत नसेल तर काटक्या. छाटणीतून निघालेल्या फांद्यांचे हातभर तुकडे करून वाफ्यात उभे खोचायचे, दोन काटक्यांमध्ये दहा ते पंधरा सेंटीमीटर अंतर, त्यापेक्षा जास्त नको. मांजराला बसायच्या आधी गोल फिरायला जागा लागते, ती मिळाली नाही की ते कंटाळतं. टोकं बोथट ठेवा, मांजराच्या डोळ्यासाठी आणि तुमच्याही, कारण खुरपताना वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्याच उंचीवर येतो.

मोठ्या झाडांच्या बुंध्याशी जाडं आच्छादन घाला, म्हणजे मोठ्या सालींचे तुकडे, ठेचलेले दगड, पाइनची बोंडं मिळत असतील तर ती. बारीक लाकडाचा भुसा, कोकोपीट, वाळू हे वरून पसरू नका, मांजरासाठी ते आयतंच होतं. कुंड्यांमध्ये वर सुपारीपेक्षा मोठे गोटे एकमेकांना चिकटून लावा, मध्ये माती दिसता कामा नये. आणि कोको बीनच्या (चॉकलेट बनवतात त्या बियांच्या) टरफलांचं आच्छादन कुठे मिळालं तर ते नको, त्यात थिओब्रोमिन असतं, ते कुत्र्यामांजरांना विषारी आहे.

माती ओली ठेवणं हाही उपाय आहे आणि फुकटचा आहे. मांजराला ओली, चिकट माती आवडत नाही, म्हणून मोकळ्या वाफ्याला सकाळऐवजी संध्याकाळी पाणी द्या, पानांवर न उडवता मातीला, म्हणजे रात्री मांजर येईल तेव्हा वरचा थर ओला असेल. आणि दाट लागवड करा. जमीन पानांनी झाकली गेली की प्रश्नच संपतो. बियांऐवजी वाटल्यास ट्रेमध्ये रोपं तयार करून थोडी मोठी झाल्यावरच वाफ्यात लावा.

पायरी ४: जुना वास काढा

मांजर एकदा जिथे गेलं तिथे वासावरून परत येतं. हातात ग्लोव्हज घालून खुरप्याने शी आणि तिच्या आजूबाजूची मूठ-दोन मूठ माती सगळी उचला, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. फरशी, भिंत, कुंडी यांवर सू असेल तर एन्झाइमवालं क्लीनर किंवा एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरीचं कोमट पाणी वापरा. अमोनिया असलेलं काहीही वापरू नका, मांजराच्या मुत्राचा वास अमोनियासारखाच असतो आणि त्याला वाटतं दुसरं मांजर इथे खूण करून गेलंय, मग ते त्यावर आणखी जोमाने करतं.

इथेच आरोग्याचं सांगून टाकते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो. ताजी विष्ठा लगेच संसर्ग करत नाही, साधारण एक ते पाच दिवसांनी ती धोकादायक होते, पण मग मातीत तो परजीवी कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणून दिसली की त्याच दिवशी उचला. घाबरून जाऊ नका, पण गरोदर बाईने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने हे काम करू नये, दुसऱ्याला सांगावं, आणि बागकाम करताना ग्लोव्हज घालावेतच. बाकी सगळ्यांनी हात साबणाने धुवायचे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. लहान मुलांची वाळू खेळायची जागा असेल तर तिला झाकण हवंच, खेळ संपला की लगेच बंद.

पायरी ५: वाटा अडवा

पहिल्या पायरीत वाट बघून ठेवली होती ना, ती आता कामाला येते. कुंपणाच्या खालच्या फटी बंद करा. मांजराचं गळ्याचं हाड आपल्यासारखं खांद्याला जोडलेलं नसतं, म्हणून जिथून डोकं जातं तिथून अंग निघून जातं, तेव्हा "एवढ्याशा फटीतून कसं येईल" असं म्हणू नका. उंचीवर मात्र फार भरवसा ठेवू नका, धडधाकट मांजर जागच्या जागी दीड मीटर सहज उडी मारतं आणि त्यापुढे नखांनी चढून जातं. त्यापेक्षा भिंतीचा माथा अडचणीचा करा, म्हणजे माथ्याच्या वर दहा-पंधरा सेंटीमीटरवर एक तार ताणून बांधा म्हणजे त्याला तोल सांभाळून चालता येत नाही, किंवा माथ्यावर गोल फिरणारा पाइप बसवा, पाय ठेवला की पाइप फिरतो आणि पकड मिळत नाही. काचा, खिळे, काटेरी तार लावू नका. मांजर तर जखमी होतंच, पण उद्या एखादं मूल बॉल काढायला चढलं तर?

आणि भिंतीला टेकलेलं सामान हलवा. आमची टाकी मी फक्त हातभर सरकवली आणि करड्या मांजरीची नेहमीची वाट तुटली. ती चार दिवस भिंतीवर बसून खाली बघायची, मग दुसरीकडून यायला लागली, पण तिथे जाळी होती.

पायरी ६: पाणी आणि आवाज

एवढं करूनही येत असेल तर सेन्सरवाला स्प्रिंकलर. त्यातला सेन्सर हलणारं गरम शरीर ओळखतो आणि दोन-चार सेकंद पाण्याचा फवारा मारतो. इजा काही नाही, पण मांजर दचकतं, आणि ती जागा लक्षात ठेवतं. लावताना तोंड मांजराच्या वाटेकडे करा, उंची त्याच्या अंगाइतकी खाली ठेवा, समोर वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या येऊ देऊ नका नाहीतर उगाच पाणी उडत राहतं, आणि रस्त्याकडे रोखू नका. दर काही दिवसांनी जागा थोडी बदला, मांजर हुशार असतं, फवारा कुठपर्यंत पोचतो ते शिकून घेतं.

अल्ट्रासॉनिक यंत्राबद्दल, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा फार उंच पट्टीचा आवाज काढून मांजराला पळवणाऱ्या यंत्राबद्दल, खूप जण विचारतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वर, त्या फरकावर हे यंत्र चालतं. ब्रिटनमध्ये अशा एका यंत्राच्या लोकांच्या बागांत दोन चाचण्या झाल्या होत्या, निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका चाचणीत मांजर बागेत शिरण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी झालं, दुसऱ्या चाचणीत त्यात फरकच पडला नाही, मात्र बागेत थांबण्याचा वेळ दोन्हीकडे घटला, ३८ आणि २२ टक्क्यांनी, आणि परिणाम दिवसांबरोबर वाढत गेला. म्हणजे थोडी मदत होते, चमत्कार होत नाही. आठवडाभरात निकाल लागला नाही म्हणून फेकू नका, आणि फक्त त्याच्या जिवावर वाफा उघडा टाकू नका. म्हाताऱ्या किंवा बहिऱ्या मांजराला ते ऐकूच येत नाही, निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपणा बराच असतो.

पायरी ७: वासाचे उपाय, आणि जे कधीच करायचे नाहीत

संत्र्या-लिंबाच्या साली पसरल्या तर मांजर नाक मुरडतं हे खरं आहे, पण साली दोन दिवसांत वाळतात आणि पाऊस आला की संपलंच. जाळीसोबत जोडीला म्हणून ठीक. पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवायच्या सल्ल्यात मला काही अर्थ दिसला नाही, आमच्याकडे मांजर त्याच बाटलीला अंग घासून गेलं.

आता मनापासून विनंती. डांबराच्या गोळ्या टाकू नका. मी पहिल्यांदा त्याच टाकल्या होत्या, कोणीतरी सांगितलं म्हणून, आणि नंतर कळलं की त्यातलं नॅफ्थलीन मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतं, लहान मूल खडीसाखर समजून तोंडात घालू शकतं, आणि ते मातीत उतरतं ते वेगळंच. रात्रीच टॉर्च घेऊन एकेक वेचून काढली. लाल तिखटही नको, ते पंज्याला लागतं, मांजर पंजे चाटतं, त्याच पंज्याने डोळे पुसतं आणि तडफडतं. फिनेल आणि कुठलीही तेलं, निलगिरी, टी ट्री, लवंग, संत्र्याचं तेल, काही शिंपडू नका. आपलं यकृत असले पदार्थ ज्या पद्धतीने पचवतं ती मांजराच्या यकृतात फार कमजोर असते, त्यामुळे आपल्याला साधी वाटणारी वस्तू त्याच्या अंगात साठत जाते. कॉफीचा चोथाही नको, कॅफिन विषारी आहे. विष घालणं, पकडून लांब सोडून येणं हे तर क्रूर आहेच, बऱ्याच देशांत गुन्हाही आहे, आणि शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत काही दिवसांत दुसरं मांजर येतं.

पायरी ८: त्याला एक कोपरा द्या

हा उपाय ऐकून लोक नाराज होतात पण माझ्या बागेत याने खूप फरक पडला. वाफ्यांपासून लांब, पावसापासून आडोसा असलेल्या कोपऱ्यात हात-दीड हात लांब-रुंद खड्ड्यात कोरडी बारीक वाळू भरा, सुरुवातीला त्यात त्याच मांजराची थोडी विष्ठा पुरा म्हणजे त्याला जागा कळते. दर एक-दोन दिवसांनी साफ करायची, घाण झाली की ते तिथे जात नाही आणि परत वाफ्याकडे वळतं. करड्या मांजरीने आठवडाभरात वाळू पसंत केली.

पायरी ९: शेजाऱ्यांशी बोला

मांजर पाळलेलं असेल तर तक्रार घेऊन जाऊ नका, गप्पा मारायला जा. "तुमचं मांजर माझी बाग नासवतं" म्हटलं की दार बंद होतं. "मी वाफे केलेत, जरा अडचण होतेय, त्याच्या जेवणाच्या वेळा काय आहेत" असं विचारलं की माणूस स्वतःहून सुचवतो, की संध्याकाळी आत ठेवतो, अंगणात वाळूचा ट्रे ठेवतो. बोका शेपटी उभी करून भिंतीवर फवारा मारत असेल तर नसबंदीचा विषय नक्की काढा, नसबंदीनंतर दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं हे फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं, आणि मारामाऱ्याही घटतात. मोकाट मांजरं असतील तर नसबंदी करून परत तिथेच सोडणाऱ्या गटाशी बोला. बऱ्याच ठिकाणी नसबंदी झालेल्या मांजराच्या एका कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे कोणाची झालीय ते लांबूनच कळतं.

जाळी कधी काढायची हे विचारणारे खूप आहेत म्हणून तेही सांगते. पानांनी माती पूर्ण झाकली गेली, वरून बघताना उघडी माती दिसेनाशी झाली की काढा, त्याआधी नाही. आणि पीक काढून वाफा परत मोकळा झाला की त्याच संध्याकाळी जाळी पुन्हा अंथरा, "उद्या बघू" म्हणू नका, मी एकदा म्हटलं होतं आणि सकाळी बरोबर मधोमध खड्डा होता.